मशीननं ऊस तोडावा का? टनेज, वजावट आणि खोडवा

वारणाकाठी
6 डिसेंबर 2025, 21:14

मंडळी, सल्ला पाहिजे. साडेतीन एकर आडसाली (दीड वर्षाचा) ऊस उभा आहे, जात को 86032, मागच्या वर्षी जुलैची लागण, साडेचार फुटी सरी. कारखान्याच्या गट ऑफिसातून निरोप आलाय : तोडणी मजुरांच्या टोळ्या कमी आल्यात, तुमच्या शिवारात यंदा मशीनच येणार. घेत असाल तर पुढच्या पंधरवड्यात, नाहीतर थांबा. थांबा म्हणजे फेब्रुवारी. तोवर तुरे येऊन ऊस पोकळ पडायचा.

माझ्या मनात तीन शंका. मशीननं टनेज किती मारलं जातं? आमच्याकडं पाचटापोटी (उसाबरोबर जाणाऱ्या वाळल्या पाल्यापोटी) वजनातून 5 टक्के वजा करतात, ते परवडतं का? आणि खोडवा (तोडल्यावर बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) फुटतो का? शेजारच्या मळ्यात गेल्या साली मशीन फिरलं. खोडवा एवढा विरळ आला की मधून बैल गेला तरी पात लागत नव्हती. त्याचं म्हणणं मशीननं वाटोळं केलं. गाव म्हणतंय त्यानं पाणीच वेळेवर दिलं नाही. खरं काय देव जाणे.

ज्यांनी स्वतः तोडून घेतलाय त्यांनीच लिहा. मोबाइलवर व्हिडिओ बघून सांगणारे घरात पण आहेत.

गुऱ्हाळघर
6 डिसेंबर, 21:40

पहिला नंबर. मी ऊस तोडत नाही, फक्त रस पितो. तरी वाचतोय.

सीनाथडी
6 डिसेंबर, 22:05

घ्या की ओ. विचार काय करताय. आमच्याकडं माढ्यात टोळीची वाट बघून बघून ऊस वाळतो. टोळी आली की आधी खुशाली (मजुरीवर वरचे पैसे) बोला, मग कोयता चालतो. एकरी चार हजारांच्या खाली बोलतच नाहीत. ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री (त्याचे वरचे पैसे) वेगळी, खेपेला पाचशे. वर रविवारी कोंबडं. मशीनला कोंबडं लागत नाही.

पंचगंगा
7 डिसेंबर, 07:32

सीनाथडी, मशीनला लागत नाही, ऑपरेटरला लागतं.

आता शंकेचं. पाच टक्के वजावट ही सरळ सरळ लूट आहे. माझा ऊस बुडापासून वाढ्यापर्यंत (हिरव्या शेंड्यापर्यंत) स्वच्छ असला तरी पाच टक्के. शेजाऱ्याचा गवतानं भरलेला, त्यालाही पाच टक्के. मोजून वजा करा ना. गाडीतला नमुना काढायचा, पाला वेगळा करायचा, वजन करायचं. ऊस कारखान्यापर्यंत नेता येतो, नमुना काढता येत नाही?

आणि दुसरं, तोडणी-वाहतूक बिलात सगळ्यांना सारखीच कापतात. हाताची तोड असो की मशीनची, कारखाना सगळा खर्च एकत्र करून टनावर वाटतो. मग मशीन स्वस्त पडो की महाग, शेतकऱ्याच्या पदरात फरक काय? फक्त वजावट.

सरी_वरंबा
7 डिसेंबर, 09:10

वरच्या मुद्द्यावर हिशोबच मांडतो, म्हणजे चर्चा जमिनीवर राहील.

यंदाची (2025-26) एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे. साडेअकरा उतारा धरला तर साधारण 3,980. तोडणी-वाहतूक 900 धरा (तुमच्या कारखान्याचा आकडा घाला), हातात 3,080.

एकरी 50 टन निघाला. 5 टक्के म्हणजे अडीच टन. अडीच गुणिले 3,080, म्हणजे 7,700 रुपये एकरी गेले.

आता हाताच्या तोडीचं. खुशाली चार हजार. 50 टनाच्या तीन खेपा, एन्ट्री दीड हजार. झाले साडेपाच हजार. जेवणखाण वेगळं. म्हणजे मशीनमध्ये उघडउघड दोनेक हजार जास्त जातात. पण मशीनमागं पाचट कुट्टी होऊन रानातच पडतं, ट्रॅक्टरनं कुट्टी मारायचा खर्च वाचतो. बहुतेकांचा हिशोब इथं बरोबरीत सुटतो. ज्याच्याकडं खुशाली सात-आठ हजारांवर गेलीय त्याला मशीन सरळ परवडतं. ज्याच्या गावात अजून भावकीतली, ओळखीची टोळी येते त्याला नाही.

वाढ्याचा हिशोब धरला नाही. मशीन शेंडा उडवून देतं, वाढं मिळत नाही. जनावरं असतील तर डिसेंबर-जानेवारीत वैरण विकत घ्यावी लागेल.

वारणाकाठी
7 डिसेंबर, 09:41

दोन म्हशी आहेत. हे डोक्यातच आलं नव्हतं.

डिझेलवाला
7 डिसेंबर, 13:20

मी मशीनवाला. शिव्या घालायच्या असतील तर रांगेत या.

मशीन सव्वा कोटीच्या घरात. सरकारनं 2023 मध्ये योजना काढली, 900 मशीनला 40 टक्के किंवा जास्तीत जास्त 35 लाख अनुदान. पण मशीन आधी घ्यायचं, अनुदान मागनं येणार. तोवर बँकेचा हप्ता सुरू. सत्तर लाखांचं कर्ज पाच वर्षांचं धरलं तर वर्षाला अठरा लाखांच्या आसपास हप्ता जातो.

आता कमाई. कागदावर मशीन दिवसाला दीडशे टन तोडतं. रानात सरासरी ऐंशी पडली तरी देवाचे आभार. गुंठ्यागुंठ्यांची वावरं, बांध, विजेचे खांब, मोटारीची पाइपलाइन. वळायला जागा नाही. एक वावर संपलं की दुसऱ्यापर्यंत जायला तास, त्यात कुणी वाट देत नाही. आणि हंगाम? मागच्या वर्षी बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चलाच बंद झाले. नव्वद दिवस, ऐंशी टन, टनाला पाचशे. छत्तीस लाख. त्यातून टनामागं लिटरभर डिझेल, वर इन्फिल्डरचे (मशीनशेजारून चालत ऊस भरून घेणाऱ्या ट्रॉलीचे) दोन ट्रॅक्टर, दोन ऑपरेटर, हेल्पर, पाती, हायड्रॉलिकचे पाइप. एक पाइप फुटला की दिवस गेला. हप्ता भरून हातात काय राहतं ते तुम्हीच काढा.

वजावटीचे पाच टक्के माझ्या खिशात येत नाहीत. उलट माझंही बिल वजावट करूनच निघतं. म्हणजे एकाच पाल्याचे पैसे तुमचेही जातात आणि माझेही. याविरुद्ध आम्हीच आंदोलनं केलीत.

पंचगंगा
7 डिसेंबर, 13:52

हे नव्हतं माहीत. तुमचंही बिल वजावटीवर निघतं, मग वजावट कमी करून घ्यायला आपण दोघं एका बाजूला आहोत की.

गुऱ्हाळघर
7 डिसेंबर, 14:03

युती झाली. पुढची बातमी दुपारी चारला.

बालाघाट
7 डिसेंबर, 22:48

धागा सकाळपासून वाचतोय. मशीन, म्हशी, पाचट सगळ्यांचा हिशोब झाला. तोडणाऱ्याचा राहिला म्हणून लिहितो.

माझे आईवडील सतरा-अठरा वर्षं कोयत्याला होते. आमच्याकडं कोयता म्हणजे नवराबायको. दिवसाला दोन-अडीच टन जोडीनं. पहाटे चारला फडात, गाडी भरायला रात्रीसुद्धा. जानेवारी 2024 मध्ये दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 झाला. म्हणजे आजही चांगला दिवस गेला तर जोडीला नऊशे. माणशी साडेचारशे. त्यातून उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची, मुकादमाच्या (टोळी आणणाऱ्याच्या) वहीत काय लिहिलंय ते मुकादमालाच ठाऊक. आजारी पडलं, एक दिवस खाडा झाला तर तोही अंगावर. बायका पाळीचा त्रास टाळायला गर्भाशयाच्या पिशव्या काढून घेत होत्या. 2019 मध्ये पेपरात आलं, तेव्हा कुठं त्यावर नीलम गोऱ्हेंची समिती बसली.

खुशाली चुकीचीच आहे, नाही म्हणत नाही. पण 366 मध्ये भागत नाही म्हणून ती सुरू झाली हेही लिहा. टोळ्या कमी का येतात तर पोरं शिकली. मी शिकलो. माझ्या गावातल्या निम्म्या पोरांना कोयता धरायचा नाही आणि ते बरंच आहे. पण पन्नाशीच्या माणसानं मशीन आल्यावर काय करायचं याचं उत्तर कुणाकडं नाही. 35 लाख मशीनला मिळतात.

सीनाथडी
7 डिसेंबर, 23:10

दादा, माझ्या कोंबड्याच्या वाक्याचा राग मानू नका. तुमचं बरोबर आहे.

टायरगाडी
8 डिसेंबर, 08:15

बालाघाट, तुमचं सगळं मान्य. आता माझंही ऐका. मी वाहतूकदार, दोन ट्रॅक्टर. टोळी आणायची जबाबदारी कारखान्यानं आमच्या गळ्यात बांधलीय. दोन सालांपूर्वी मुकादमाला बारा कोयत्यांची उचल दिली, कारखान्याकडून घेतलेली आणि वर घरची. दसऱ्याला टोळी भरायला टेम्पो घेऊन गेलो तर मुकादमाचा फोन बंद आणि घराला कुलूप. त्याच बारा कोयत्यांवर आणखी दोघांकडून उचल घेतलेली. पोलिसात तक्रार दिली, तारखा चालू आहेत. बायकोचे दागिने अजून सोसायटीत.

यात मजुराला दोष नाही, त्याला तरी कुठं पूर्ण पैसे मिळाले असतील. पण मी आता मशीनच्या बाजूचा. इन्फिल्डरला ट्रॅक्टर लावतो, रात्री झोप लागते.

क्वीन्सलँडकर
8 डिसेंबर, 11:37

मी मूळचा वाळव्याचा, गेली काही वर्षं क्वीन्सलँडमध्ये बुंदाबर्गजवळ. शेती नाही, साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पण हंगामात फडावर जाणं होतं, म्हणून लिहितो.

इथं सत्तरच्या दशकाच्या अखेरीलाच सगळा ऊस मशीनवर गेला. बुंदाबर्गच्या टॉफ्ट बंधूंनी बनवलेल्या मशीनवरूनच ऑस्टॉफ्ट हे नाव आलं, आपल्याकडं फिरतात त्यातली बरीच मशीन त्याच घराण्यातली. आणि तरीही इथली सरासरी हेक्टरी ऐंशी-पंच्याऐंशी टनांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सरासरीच्या जवळपासच. मशीनमुळं टनेज जातंच असं नाही आणि मशीनमुळं वाढतंही नाही.

फरक कुठं आहे तर पैसे कोण देतो यात. इथं शेतकरी तोडणी कंत्राटदाराशी स्वतः बोलतो, टनावर दर ठरवतो आणि स्वतः पैसे देतो. त्यामुळं मशीन कसं चालवायचं हे तो सांगू शकतो. तुमच्याकडं मशीन कारखान्याच्या करारावर, शेतकरी बांधावर उभा.

आता मुद्द्याचं. पाल्यापेक्षा मोठं नुकसान पंख्यात होतं. मशीनमध्ये ऊस आठ-दहा इंचांच्या कांड्यांत कापला जातो आणि वरचा मोठा पंखा त्यातला पाला ओढून बाहेर फेकतो. पंखा जोरात लावला की पाल्याबरोबर कांड्याही ओढल्या जातात, पात्यांवर आपटून त्यांचा चुरा होतो. रानात तुकडे दिसतात ते थोडे, बाकीचा रस पाल्याला चिकटून गेलेला असतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. उलट पंखा हळू लावला तर कांडी वाचते पण गाडीत पाला जातो.

म्हणजे कारखाना म्हणतो पाला नको, ऑपरेटर पंखा वाढवतो, नुकसान तुमचं. आणि पाच टक्के वजावट ठोक असेल तर तुम्ही दोन्हीकडून मार खाताय. पाला पंख्यानं काढला, त्याच्याबरोबर ऊसही गेला, वर पाल्याचे पैसे वजा.

इथं साधी चाचणी करतात. पंखा जिथं पाला फेकतो तिथं आठ-दहा फुटांची ताडपत्री अंथरायची, मशीन तेवढ्या अंतरातून जाऊ द्यायचं, मग पाल्यातनं उसाचे तुकडे वेचून वजन करायचं. चुरा मोजला जात नाही, म्हणून खरं नुकसान त्याहून जास्तच समजायचं. एका ओळीत पंखा जोरात, दुसऱ्या ओळीत कमी. फरक बघा आणि ऑपरेटरला दाखवा.

पंचगंगा
8 डिसेंबर, 12:02

आजवर मशीनवर वाचलेल्यात ही सगळ्यात कामाची पोस्ट. ठोक वजावटीला विरोध करायला माझ्याकडं आतापर्यंत फक्त राग होता, आता कारण मिळालं. ठोक कापायचं असेल तर पंखा कमी ठेवा आणि पाला जाऊ दे गाडीत, नाहीतर नमुना काढून मोजा. दोन्ही कसं?

डिझेलवाला
8 डिसेंबर, 14:45

पंख्याचं शंभर टक्के खरं. पण गाडीत पाला दिसला की यार्डात गाडी बाजूला लावतात, शेती खात्याचा माणूस फोनवर ओरडतो. ऑपरेटरला टनावर बक्षीस असतं म्हणून तो पळवतो पण. हळू चालवा म्हणणारा शेतकरी भेटला तर मी चालवतो. फक्त तो बांधावर उभा राहिला पाहिजे.

अवांतर : तिकडं जाळून तोडतात म्हणे?

क्वीन्सलँडकर
8 डिसेंबर, 15:20

आता बहुतेक ठिकाणी हिरवाच तोडतात, बर्डेकिन भागात अजून जाळतात. जाळायची सुरुवात कशी झाली ऐका. 1930 च्या दशकात उत्तरेकडं तोडणी मजुरांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) व्हायला लागला, फडातल्या उंदरांच्या मुतानं. माणसं मेली. मजुरांनी 1935 मध्ये संप केला की आधी फड जाळा, मगच आम्ही आत जाऊ. तेव्हापासून जाळणं रुळलं.

गुऱ्हाळघर
8 डिसेंबर, 15:31

आणि आमच्याकडं तोडल्यावर जाळतात, त्याला कारण विचारलं तर म्हणतात आज्जा जाळायचा.

सरी_वरंबा
8 डिसेंबर, 20:26

गुऱ्हाळघर यांनी जाळण्याचं काढलंच आहे तर खोडव्याकडं येतो, मूळ प्रश्नात तो होता आणि सगळे विसरले.

मशीनच्या खोडव्याला दोन धोके. एक, बुडाची पाती बोथट असतील तर ऊस कापला न जाता फाटतो. खोडकी हलते, चिरते, कीड-रोग शिरतात. तुमच्या शेजाऱ्याच्या रानात जाऊन जुने बुडखे बघा. गुळगुळीत काप असेल तर दोष पाण्याचा, झाडूसारखे फाटलेले असतील तर पात्यांचा. दोन, चाकं. सरी साडेतीन फुटांची असली की चाक थेट बुडख्यावर जातं. काळ्या रानात ओल असताना मशीन आणि भरलेला इन्फिल्डर फिरला तर माती दगड होते. साडेचार फूट म्हणजे काठावर पास. तोडीच्या आधी तीन आठवडे पाणी तोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

फायदाही आहे. धारदार पातं जमिनीलगत कापतं. हाताच्या तोडीत चार-चार इंच बुडखे वर राहतात, तेवढा सगळ्यात गोड भाग रानात आणि फूट वरच्या डोळ्यांची, कमजोर. मग बुडखा छाटणीला वेगळी माणसं.

पाचट मात्र जाळू नका. एकरी तीन-चार टन असतं. त्यावर युरिया 32 किलो, सुपर फॉस्फेट 40 किलो आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत 4 किलो टाकून पाणी द्या. खोडव्याचं नेहमीचं रासायनिक खत मात्र पाचटावर फेकू नका, पहारीनं भोक घेऊन द्या. पहिला हप्ता पंधरा दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांनी. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं हे वर्षानुवर्षं सांगितलंय, आपण खोडव्याला फुकटचं पीक समजतो हा खरा घोळ.

माळावरचा
8 डिसेंबर, 21:02

पाच फूट सरी सोडली तर ऊस कमी बसतो ना? आमच्यात अजून तीन-साडेतीनच.

सरी_वरंबा
8 डिसेंबर, 21:25

सगळे हेच विचारतात. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. साडेतीन फुटी सरीत ओळींची लांबी साधारण 12,400 फूट, पाच फुटीत 8,700. एकरी 40 हजार गाळपयोग्य ऊस पाहिजेत तर साडेतीनला फुटाला सव्वातीन ऊस, पाचला साडेचार ते पाच. पाच फुटीत हवा-उजेड खेळतो, भरणी नीट होते, फुटव्यांना जागा मिळते, म्हणून फुटाला पाच ऊस जगतात आणि जाड होतात. अडीच किलोचा ऊस झाला तर तेच शंभर टन. साडेतीनात फुटवे भरपूर येतात आणि अंधारात निम्मे मरतात. एकरी शंभर टनवाल्यांची रानं बघा, साडेतीन फुटी क्वचितच सापडेल.

माळावरचा
8 डिसेंबर, 21:40

बघतो. वडिलांना पटवणं हाच मोठा खर्च आहे.

शिरोळची_लेक
9 डिसेंबर, 10:08

ठिबक असणाऱ्यांनो, मशीन यायच्या आधी लॅटरल (रानातल्या ठिबकच्या नळ्या) गुंडाळा. आम्ही ‘एवढं काय होतंय’ म्हणून दोन ओळी ठेवल्या, नळी बुडाच्या पात्यांत गुंडाळली आणि मशीन दोन तास बंद. नळीचे तुकडे कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत गेले असतील. आणि लोळलेला ऊस असेल तर मशीनवाल्याला आधी रान दाखवा. आमचा ऑगस्टच्या वाऱ्यानं चारी दिशांना पडला होता, एकाच बाजूनं तोडत नेला, रिकामं मागं यायचं, पुन्हा तोडायचं. वेळ दुप्पट लागला पण ऊस मुळासकट उपटला नाही.

वारणाकाठी
27 डिसेंबर, 19:55

सगळ्यांना धन्यवाद. परवा तोड झाली, हिशोब देतो.

पाणी वेळेत तोडलं होतं, रान टणक. बांधालगत दोन्ही डोक्यांना वीस-वीस फूट ऊस गड्यांकडून आधीच तोडून घेतला, मशीनला वळायला. त्या उसाचं वाढं म्हशींना झालं, तेवढीच सोय. मशीन आलं रात्री साडेदहाला. मी ताडपत्री घेऊन उभा, ऑपरेटरला वाटलं मी झोपायला आलोय.

पहिल्या ओळीला नेहमीसारखा पंखा. पाल्यातनं वेचले तर घमेलं अर्ध्याच्या वर भरलं, बोटभर, वीतभर तुकडे, आणि पाला हाताला चिकट लागत होता. ऑपरेटरला खाली बोलावून दाखवलं. पोरगा बरा होता, म्हणाला मालक, मला कुणी असं दाखवलंच नाही. पुढच्या ओळीला पंखा उतरवला, चालही कमी केली. घमेल्याच्या तळाला चार तुकडे. मग उरलेलं रान तसंच तोडलं. यार्डात पाल्यावरून गाडी अडवली नाही, कदाचित रात्रीची म्हणून.

टनेज वजावट धरून एकरी 54 पडलं. गेल्या आडसालीला याच रानात हातानं 52 होतं, पण दोन्ही सालं सारखी नसतात, त्यामुळं मशीननं वाढलं असं मी म्हणणार नाही. कमी झालं नाही एवढं नक्की. बुडखे सकाळी फिरून बघितले, एका कोपऱ्यात फाटलेत, तिथं बहुतेक दगड लागून पातं गेलं होतं. बाकी साफ.

शेजाऱ्याचे जुने बुडखेही बघितले. झाडूसारखे.

पंचगंगा
27 डिसेंबर, 20:20

वा! वजावट किती कापली?

वारणाकाठी
27 डिसेंबर, 20:31

पाच टक्के. गट ऑफिसात अर्ज दिलाय की नमुना काढून दाखवा. पोच घेतलीय, शिक्का मारून.

डिझेलवाला
27 डिसेंबर, 20:44

पोचेचा फोटो टाका, आम्ही मशीनवालेही तसाच अर्ज देतो. आणि ऑपरेटरला जेवण दिलंत का?

वारणाकाठी
27 डिसेंबर, 20:50

अंडाकरी. फोटो उद्या टाकतो. सरी_वरंबा, जिवाणू खत पाचटावर टाकायला पाणी आधी की नंतर? आमची लाइट आठवडाभर रात्रीची आहे.

सरी_वरंबा
27 डिसेंबर, 21:15

आधी पाचट बुडख्यांवरून बाजूला सरीत ओढून घ्या, फूट दाबली जाते. मग युरिया-सुपर टाका, शेणखतात मिसळून जिवाणू पसरा आणि लगेच पाणी. रात्रीची लाइट चालेल, उलट बरंच, जिवाणूला ऊन लागत नाही. फाटलेल्या कोपऱ्यातले बुडखे मात्र धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटून घ्या, नांग्या (रिकाम्या जागा) तिथंच पडतील. रोपं आताच सांगून ठेवा.